पत आणि प्रसिद्धी : समाजमाध्यमांच्या युगातील विश्वास, प्रसिद्ध व्यक्ती व जाहिरात – बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जाहिरात म्हणजे अनोळखी माणसाकडे केलेली विश्वासाची मागणी होय. वस्तू हातात येण्यापूर्वी ग्राहकाने शब्दावर भरवसा ठेवावा, अशी जाहिरातदाराची अपेक्षा असते. हा भरवसा मिळविण्यासाठी प्रत्येक काळाने आपापली साधने शोधली. दवंडी, गावच्या भिंतीवर रंगविलेली अक्षरे, वृत्तपत्र, आकाशवाणी व दूरचित्रवाणी ही त्यातील प्रमुख साधने होत. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वस्त मोबाईल आणि त्याहून स्वस्त इंटरनेट खेडोपाडी पोहोचले व या मालिकेत समाजमाध्यमांची भर पडली. मात्र ही भर केवळ एका साधनाची नाही. जाहिरात, बातमी, सल्ला आणि गप्पा यांच्यातील सीमारेषाच तिने पुसट केल्या आहेत.

या विषयावरील बहुतेक चर्चा महानगरांतील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून होते. सौंदर्यप्रसाधने, कपडे, प्रवास हे तिचे नेहमीचे विषय असतात. परंतु कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या, पावसावर अवलंबून असणाऱ्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात चुकीच्या विश्वासाची किंमत अधिक मोठी असते. तेथे एक चुकीचा सल्ला म्हणजे दुबार पेरणी किंवा लांबलेला उपचार ठरू शकतो. म्हणून प्रस्तुत लेखात या जिल्ह्यातील काही ज्ञात घटनांच्या आधारे समाजमाध्यमांवरील विश्वासाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. समाजमाध्यमांनी परिचयाची जवळीक टिकविली, पण परिचयासोबत येणारी जबाबदारी गाळून टाकली, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

विश्वासाचे जुने रूप : पत

मराठीत विश्वासासाठी ‘पत’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. पत ही एका दिवसात मिळत नाही. घेतलेले परत करणे, दिलेला शब्द पाळणे आणि चूक झाल्यास त्याच गावात तोंड दाखविणे यांतून ती हळूहळू साठत जाते. सहकाराच्या चळवळीने याच शब्दावरून ‘पतसंस्था’ हे नाव घेतले. १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था याच जिल्ह्यात उभी राहिली, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

आठवडी बाजारातील व्यवहारही याच तत्त्वावर चालत आला. बियाणे विकणारा दुकानदार, शेतमाल विकून देणारा अडत्या, गुरांचा व्यापारी हे सर्व पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणारे असत. फसवणूक होत नव्हती असे मुळीच नाही. अडत्याच्या मापातील आणि सावकाराच्या कागदातील लबाडी ग्रामीण साहित्यात पुष्कळ नोंदविली गेली आहे. जातीची व पैशाची सत्ता असलेल्या माणसाला जाब विचारणे दुर्बलाला शक्य नसे, हेही तितकेच खरे. तरीही फसविणारा कोण, हे माहीत असे. त्याचे घर माहीत असे. त्याच्या पतीला धक्का लावण्याचे सामर्थ्य, मर्यादित प्रमाणात का होईना, समाजाकडे असे.

संज्ञापनशास्त्राच्या अभ्यासकांनीही परिचिताच्या शब्दाचे हे महत्त्व ओळखले होते. एलिहू कॅट्झ व पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रसारमाध्यमांचा प्रभाव लोकांवर थेट न पडता त्यांच्या ओळखीतील जाणकार व्यक्तींमार्फत पडतो, असा विचार मांडला. गावातील शिक्षक, प्रगतिशील शेतकरी, दवाखान्यातील परिचारिका हे असे जाणकार होते. वृत्तपत्र ते वाचत आणि त्याचा अर्थ इतरांना सांगत. समाजमाध्यमांनी नेमकी हीच मधली जागा व्यापली आहे.

प्रसिद्ध व्यक्ती : तारकेपासून ‘आपल्या माणसा’पर्यंत

प्रसिद्ध व्यक्तींचा जाहिरातीतील वापर नवा नाही. मराठी अभिनेत्री लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय चित्रपट तारका मानल्या जातात. त्या काळातील जाहिरात आपले स्वरूप लपवीत नव्हती. पानाच्या चौकटीतील छायाचित्र पाहणाऱ्याला ती जाहिरात आहे, हे कळत असे. तारका दूर होती आणि हे दूरपण हेच तिच्या आकर्षणाचे कारण होते.

दूरचित्रवाणीच्या आगमनाने हे अंतर कमी झाले. डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते, की पडद्यावरून थेट प्रेक्षकाकडे पाहून बोलणारी व्यक्ती हळूहळू ओळखीची वाटू लागते. प्रत्यक्षात मात्र हे नाते एकतर्फी असते. समाजमाध्यमांवरील प्रभावक याच नात्याचा पुढचा टप्पा आहे. तो स्वतःच्या स्वयंपाकघरातून किंवा शेताच्या बांधावरून बोलतो. तो वऱ्हाडीत बोलतो, ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो, स्वतःच्या अडचणी सांगतो. तारकेविषयी कौतुक वाटत असे. या माणसाविषयी आपुलकी वाटते. कौतुकापोटी माणूस साबण विकत घेईल, परंतु आपुलकीपोटी तो औषध, बियाणे आणि गुंतवणूक यांविषयीचा सल्लाही स्वीकारतो. प्रभावाची खोली येथे वाढते.

या जवळिकीच्या पाठीशी आकड्यांचे बळ असते. अनुयायी किती, किती जणांनी पाहिले, किती जणांनी पसंती दर्शविली, हे पडद्यावरच दिसते. हे आकडे प्रसिद्धी मोजतात. पत मोजत नाहीत. किती लोकांनी सल्ला ऐकला हे त्यांतून कळते, तो किती जणांना उपयोगी पडला हे कळत नाही. पाहणाऱ्याच्या मनात मात्र पहिली गोष्ट सहजपणे दुसरीची जागा घेते.

पावसाचा अंदाज : भेंडवळ ते मोबाईल

या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण हवामानाच्या अंदाजात सापडते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी घटमांडणी केली जाते. शेतात आखलेल्या घटात अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मध्यभागी पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके म्हणून मातीची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात झालेले बदल पाहून वाघ घराण्यातील वंशज पाऊस, पिके आणि राज्यकारभार यांविषयी भाकिते सांगतात. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगितले जाते. या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, अशी भूमिका अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने वेळोवेळी घेतली आहे आणि विवेकाच्या कसोटीवर ती योग्यच आहे.

तथापि संज्ञापनाच्या अंगाने या प्रथेची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. भाकीत एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, सर्वांसमक्ष केले जाते. आणि ते सांगणारा पुढच्या वर्षी त्याच शेतात पुन्हा उभा असतो. ऐकणाऱ्याला भाकीत पडताळून पाहण्याची संधी असते. हेच भाकीत मोबाईलवर चित्रफितीच्या तुकड्यात येते तेव्हा त्याची तारीख हरवते. गतवर्षीचा तुकडा यावर्षीचा म्हणून फिरू शकतो. चुकलेली भाकिते मागे पडतात, जुळलेले वाक्य तेवढे पुन्हा पुन्हा पुढे पाठविले जाते. परंपरेची थोडीबहुत पडताळणीक्षमताही अशा रीतीने नाहीशी होते आणि उरते ती केवळ प्रसिद्धी.

दुसरीकडे परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांचे उदाहरण आहे. त्यांचे हवामानविषयक अंदाज व्हॉट्सॲप व यूट्यूबवरून मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले आणि त्यांचे नाव घरोघरी झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ते परभणी मतदारसंघातून वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार होते. त्यात त्यांना यश आले नाही. शेतकऱ्यांच्या मोबाईलवर मिळालेली ओळख उमेदवारीपर्यंत नेऊ शकते, ही घटना नव्या प्रसिद्धीचे सामर्थ्य दाखविते. त्याच वेळी अनुयायी आणि मतदार हे एकच नसतात, हेही तिच्यातून दिसते.

अशा आवाजांना एवढा श्रोतृवर्ग का लाभतो? केवळ शेतकऱ्याच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे अन्यायाचे होईल. १८७५ मध्ये स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग आपले अंदाज शास्त्राच्या सावध भाषेत देतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे एका क्षेत्रातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा त्या भाषेत नेमका अर्थ असतो. हा अर्थ शेतकऱ्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो. त्याला आपल्या शिवारात पाऊस येणार की नाही, एवढेच विचारायचे असते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग सांगतो. परंतु गावात किती मिलिमीटर पाऊस पडला हे मोजण्याचे साधन त्याच्या अंगणात नसते. अशा वेळी ‘अमुक तारखेला पेरा’ असे ठामपणे सांगणारा आवाज जवळचा वाटतो. शास्त्र शक्यता सांगते, प्रसिद्धी खात्री देते. खात्री विकली जाते, कारण अनिश्चिततेचा सगळा भार एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर असतो. म्हणून विश्वासाच्या या स्थलांतराची जबाबदारी संस्थांच्या भाषेवरही येते.

अफवा, भीती आणि बाजार : लोणार व शेगाव

जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. छायाचित्रे क्षणार्धात सर्वत्र पसरली. ती खरी होती. परंतु खऱ्या छायाचित्राखाली लिहिलेले वाक्यही खरेच असते, असे नाही. शुभ-अशुभाचे संकेत, प्रदूषण, गूढ शक्ती अशा अनेक कारणांना त्या चित्रांचा आधार मिळाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याच्या नमुन्यांची तपासणी केली, तेव्हा क्षारयुक्त पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल झाल्याचे स्पष्ट झाले. चित्र पसरायला काही तास लागले, कारण समजायला काही आठवडे. या दोहोंमधील रिकामी जागा हेच अफवेचे क्षेत्र असते.

लोणारच्या बाबतीत या रिकाम्या जागेने फारसे नुकसान केले नाही. शेगाव तालुक्यात मात्र तसे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२४ ची अखेर आणि जानेवारी २०२५ या काळात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडल्याची उदाहरणे समोर आली आणि बाधितांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. शांपूपासून पाण्यापर्यंत वेगवेगळ्या कारणांची चर्चा झाली. ‘टक्कल व्हायरस’ असे नावही या प्रकाराला माध्यमांतून मिळाले. पाण्याचे नमुने तपासले गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावांत आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वस्त धान्य दुकानातील गव्हात सेलेनियमचे प्रमाण अधिक असल्याचा निष्कर्ष मांडला.

एखाद्या विषाणूचा शोध लागलेला नसताना ‘व्हायरस’ हा शब्द वापरला गेल्याने आजार संसर्गजन्य असल्याची समजूत झाली. त्याचा परिणाम गावांच्या नावावर झाला, तरुण मुलामुलींच्या शिक्षणावर व लग्नाच्या बोलण्यांवर झाला. येथे जाहिरातीचा प्रश्न उपस्थित होतो. केस उगविण्याचा दावा करणारी तेले व औषधे समाजमाध्यमांवर सदैव दिसतात. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ‘जे’ मध्ये ज्या आजारांवर औषधाने बरे करण्याचा दावा करता येत नाही त्यांची यादी आहे आणि तीत टक्कल पडण्याचा समावेश आहे. असे असूनही ‘मला फरक पडला’ असे एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याने सांगितले, की तो दावा न वाटता अनुभव वाटतो. घाबरलेला माणूस नियम वाचत बसत नाही. तो अनुभव ऐकतो. भीतीच्या काळात अनुभवाच्या वेशातील जाहिरात सर्वाधिक परिणामकारक ठरते, ती यामुळेच.

परिचिताकडून आलेल्या संदेशावरील अंधविश्वास कोणत्या टोकाला जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाहिले आहे. मुले पळविणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरील अफवेतून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध व्यक्तींचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घालण्याचे पाऊल उचलले. संदेश पाठविणारा गावातलाच होता, पण संदेशाचा कर्ता कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. पाठविणाऱ्याची पत अशा रीतीने निनावी मजकुराला उसनी मिळते.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

या क्षेत्रात कायदा मागे राहिला आहे, असे सरसकट म्हणणे योग्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाबरोबरच तिची भलामण करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तसा प्रकार घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्याची योग्य खातरजमा केली होती, हे सिद्ध केल्यास त्या व्यक्तीला बचाव मिळतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने पैसे, भेटवस्तू किंवा मोफत प्रवास यांच्या मोबदल्यात केलेली शिफारस स्पष्टपणे जाहीर करण्यास सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्यांनी आपली अर्हता सांगावी, असेही बंधन आले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीच्या जाहिरातींसंबंधीच्या प्रकरणात प्रसिद्ध व्यक्ती व प्रभावक यांनाही दिशाभुलीबद्दल तितकेच जबाबदार मानले.

या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासले पाहिजे. शिफारशीमागे पैसा आहे हे कळले, की ग्राहक सावध होईल, असे ते गृहीतक आहे. ज्या प्रेक्षकाला मराठीशिवाय दुसरी भाषा सहज वाचता येत नाही, त्याच्यासमोर कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेली सूचना असून नसल्यासारखीच असते. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील खुलासा हा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. दावा वऱ्हाडीत आणि खुलासा इंग्रजीत, ही पद्धत या तत्त्वाच्या आशयाशी विसंगत आहे. ‘जाहिरात’ हा शब्द शाळकरी मुलालाही समजतो; तो टाळण्याचे कारण अज्ञान हे असू शकत नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. कायद्याला जाहिरातदार, भलामण करणारा आणि ग्राहक अशा तीन स्पष्ट भूमिका लागतात. गावाच्या गटात पुढे पाठविलेल्या चित्रफितीत या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत मिसळतात. ती पाठविणाऱ्या शेजाऱ्याला मोबदला मिळालेला नसतो. तो स्वतःही ग्राहकच असतो. कायद्याच्या कक्षेत तो येत नाही, परंतु विश्वासाचे खरे हस्तांतरण त्याच्याच हातून होते.

दुसरी बाजू

समाजमाध्यमांचे चित्र केवळ काळ्या रंगात रंगविणे एकांगी ठरेल. २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून मोठ्या संख्येने आल्या. अशा प्रसंगी शेतातील चित्रफीत हा शेतकऱ्याच्या हातातील पुरावा ठरतो. पूर्वी एकट्याची तक्रार दुकानाच्या पायरीवरच थांबे. आता ती शंभर जणांच्या तक्रारींशी जोडता येते. बाजारभाव, कीडनियंत्रण, शासकीय योजना यांची माहितीही याच मार्गाने पोहोचते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांना बांधापर्यंत जाण्याचा हा सर्वांत स्वस्त रस्ता आहे. म्हणजे ज्या साधनाने जबाबदारी सैल केली, तेच साधन जबाबदारी मागण्यासाठीही उपयोगी पडू शकते. ते कोणत्या बाजूला झुकेल, हे वापरणाऱ्याच्या सवयींवर आणि संस्थांच्या तत्परतेवर अवलंबून आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्तीचा प्रभाव तिच्या मोठेपणातून कमी आणि तिच्या जवळ वाटण्यातून अधिक निर्माण होतो. ही जवळीक एकतर्फी असल्याने चुकीचा भुर्दंड ऐकणाऱ्यालाच सोसावा लागतो. शास्त्रीय संस्था उशिरा व दुर्बोध भाषेत बोलतात, तेव्हा मोकळी राहिलेली जागा ठाम आवाज व्यापतो. कायदा शिफारशीमागील पैसा उघड करू शकतो, परंतु परिचितांच्या साखळीतून वाहणारा विश्वास त्याच्या आवाक्याबाहेर राहतो.

यावर उपाय म्हणून तीन गोष्टी सुचविता येतात. हवामान, कृषी व आरोग्य या विभागांनी आपले संदेश तारखेसह, तालुक्याच्या नावासह आणि बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत ध्वनिरूपाने द्यावेत. अजून कारण समजलेले नसेल तेव्हाही ‘तपास सुरू आहे, तोपर्यंत एवढे करा’ असे पहिल्याच दिवशी सांगावे. सशुल्क शिफारशीच्या आरंभी ‘जाहिरात’ हा मराठी शब्द ठळकपणे यावा व तो नसल्यास तक्रार कशी करावी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक कोणता, याची माहिती ग्रामसभेत दिली जावी. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून संदेश तपासण्याची सवय रुजवावी. हे कोणी म्हटले, केव्हा म्हटले, त्याला यातून काय मिळते आणि चुकल्यास तो कोठे भेटेल, हे चार प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत.

यातील शेवटचा प्रश्न सर्वांत जुना आहे. आठवडी बाजारात बैल घेताना शेतकरी तो न चुकता विचारीत असे. मोबाईलवरील सल्ला घेतानाही तो विचारला गेला, तर प्रसिद्धीला पतीची परीक्षा द्यावी लागेल. पेरणीचा दिवस आणि आजारपणाचा उपचार ज्यांच्यासाठी वर्षाचा निर्णय असतो, त्या या जिल्ह्यातील कुटुंबांना एवढी परीक्षा मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.